किलोमीटरला दहा रुपये

माझा भाचा लंडनजवळ राहतो. तो तिकडे लंडन ते ब्रायटन या ५४ मैलांच्या सायकलफेरीत भाग घेतो. ब्रिटिश हार्ट फाउंडेशनसाठी, म्हणजे हृदयविकारावरच्या संशोधनासाठी, त्या फेरीतून पैसे उभे राहतात. निघण्याआधी प्रत्येकाने आपल्या ओळखीच्या माणसांकडून रक्कम कबूल करून घ्यायची आणि मग ते अंतर स्वतः कापायचं, अशी ती पद्धत. दोन वर्षांपूर्वी तो पुण्याला आला होता, तेव्हा माझी सायकल बघून म्हणाला, "मावशी, तू एवढी चालवतेसच, तर कुणासाठी तरी चालव की!"

ते वाक्य डोक्यात बसलं, आणि कुणासाठी हेही त्याच क्षणी ठरलं. माझी आई गुहागर तालुक्यातली. तिच्या वाडीत चौथीपर्यंत शाळा होती. पाचवीची शाळा सडा, म्हणजे कातळाचं पठार, ओलांडून पलीकडे, खाली समुद्राच्या बाजूला. मामा शाळेत गेला, आई घरी राहिली. "पोरीच्या जातीला एवढं लांब कशाला," एवढ्यावर तो विषय संपला. आता आई ऐंशीची आहे. ती वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचते, आणि अजूनही कधीतरी म्हणते, "मला इंग्रजी यायला हवं होतं."

हिशेब सोपा निघाला. मुंबईहून बोटीने मांडव्याला उतरायचं आणि किनाऱ्या-किनाऱ्याने मालवण गाठायचं, हे अंतर पाचशे किलोमीटरच्या थोडं वरच. दात्याने किलोमीटरला दहा रुपये दिले तर पाचशे किलोमीटरचे पाच हजार होतात. पाच हजारांत कॅरियर, घंटी आणि स्टँड असलेली एक साधी लेडीज सायकल येते. एक दाता, एक सायकल. आम्ही चौदा जण जमलो, चौतीस दाते मिळाले. आईच्या वाडीतल्या मुली आज ज्या हायस्कूलला जातात, त्याच शाळेच्या मुख्याध्यापकांशी बोलून लांबून चालत येणाऱ्या चौतीस मुलींची यादी केली. दाते मोजताना एका गृहस्थांनी विचारलं, "चढावर ढकलत न्याल, ते किलोमीटर धरायचे का?" आम्ही सगळे हसलो आणि "धरायचे" म्हणालो. त्या प्रश्नाचं खरं उत्तर मला पाचव्या दिवशी मिळालं.

पहिला दिवस, रविवार: मांडवा ते मुरुड

जानेवारीचा दुसरा आठवडा. भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीत सायकली चढवल्या, कठड्याला सुतळीने बांधल्या, आणि तासाभरात मांडव्याला उतरलो. चौदा जणांत सगळ्यात लहान एकोणीस वर्षांचा, सगळ्यात मोठे सदुसष्ट वर्षांचे काका. काका चिपळूणचे. सगळी नोकरी एसटीच्या वर्कशॉपमध्ये गेली. सामानाचा टेम्पो बरोबर होता, पण काकांनी पान्यांची पिशवी टेम्पोत टाकली नाही, स्वतःच्या कॅरियरला बांधली.

अलिबाग मागे पडलं की आक्षी, नागाव, चौल, रेवदंडा हा पट्टा सायकलवरून जाण्यासाठीच केल्यासारखा आहे. दोन्ही बाजूंना नारळी-पोफळीची आगरं, मधून अरुंद सावलीचा रस्ता, कुठे रहाटाची जुनी विहीर, कुठे शेणाने सारवलेलं अंगण. रेवदंड्याच्या पुलावरून कुंडलिकेची खाडी ओलांडली, कोर्लईचा किल्ला उजव्या हाताला ठेवला, काशीदला नारळपाणी प्यायलो आणि उन्हं उतरताना मुरुड गाठलं. सत्तर किलोमीटर झाले. रात्री जेवताना सगळे बोलके होते. आईला फोन केला तर तिचा पहिला प्रश्न, "जंजिरा दिसतो का गो तिथून?" दिसत होता, काळोखात नुसता आकार.

दुसरा दिवस: मुरुड ते हरिहरेश्वर

आगरदांड्याहून जंगलजेट्टीने, म्हणजे गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीने, दिघीला. बॅरिस्टर अंतुले १९८० ते ८२ या काळात मुख्यमंत्री होते, तेव्हापासून रेवस ते रेडी या सागरी महामार्गाची चर्चा कोकण ऐकत आलं आहे. खाड्यांवरचे सगळे पूल अजून झालेले नाहीत, त्यामुळे हा प्रवास फेरीबोटींच्या वेळापत्रकावर चालतो. मला ते आवडलं. धक्क्यावर पंधरा-वीस मिनिटं थांबावं लागतं आणि त्या वेळात माणसं भेटतात. मासळीच्या पाट्या घेतलेल्या बायका, दुचाकीवर आख्खा संसार बांधलेलं जोडपं, तालुक्याला कागद घेऊन निघालेले म्हातारबाबा. प्रत्येक जण विचारतो, कुठून आलात, कुठे चाललात, आणि एवढं सायकलने का?

दिवेआगर ते श्रीवर्धन हा शेखाडीवरून जाणारा रस्ता समुद्राला इतका लगटून आहे की लाटेचा तुषार चष्म्यावर येतो. आमच्यातले सगळे तिथे दहा वेळा थांबले असतील. मी श्रीवर्धनबद्दल जास्त सांगणार आहे.

श्रीवर्धन म्हणजे भट घराण्यातले पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ यांचं गाव, आणि रोठा सुपारीचं गाव. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ इथून गेलं तेव्हा एका दुपारी बागाच्या बागा आडव्या झाल्या. पोफळ लावल्यापासून उत्पन्न हाती यायला सहा-सात वर्षं जातात. ज्यांच्याकडे दुपारी जेवलो, त्या बागाईतदारांनी मागच्या दाराने आम्हाला बागेत नेलं. जुन्या पोफळींचे बुंधे गुडघ्याएवढे कापलेले, त्यांच्या मधोमध नव्या पोफळी, माझ्या डोक्याच्या वर गेलेल्या. एका झाडाच्या कांडाला त्यांनी तळहात लावला, गाईच्या पाठीला लावावा तसा. म्हणाले, "वादळानंतर दोन वर्षं या बागेनं रुपया दिला नाही. मुलगी पनवेलला नर्स आहे, तिच्या पगारावर घर उभं राहिलं. तिला शिकवताना आमचे वडील मला बोलले होते."

निघताना त्यांनी शर्टाच्या खिशातून पाचशेची नोट काढून माझ्या हातात दिली. "पन्नास किलोमीटर माझे."

तिसरा दिवस: हरिहरेश्वर ते मुरुड

पुन्हा एक मुरुड. हे दापोली तालुक्यातलं, हर्णैजवळचं. बागमांडल्याहून वेश्वीला फेरीने गेलं की रायगड संपतो, रत्नागिरी सुरू होतो, आणि पायांना ते लगेच कळतं. इथला रस्ता खाडीपातळीवरून सड्यावर चढतो, सड्यावर जरा सपाट चालतो आणि पुढच्या गावासाठी पुन्हा खाली कोसळतो. दिवसभर हेच. केळशी, आडे, पाडले, आंजर्ले ही गावं एकामागून एक आली. सड्यावर वाळलेलं गवत, काळा-तांबडा कातळ आणि डोळे दिपवणारं ऊन. खाली उतरलं की एकदम गारवा आणि आंब्याच्या मोहराचा वास.

मुरुड हे महर्षी धोंडो केशव कर्व्यांचं गाव. त्यांचा जन्म १८५८ चा, शेरवलीचा, पण बालपण इथलं. लहानपणी आम्ही अण्णांची एक गोष्ट ऐकली होती. परीक्षेसाठी हा मुलगा मुरुडहून साताऱ्यापर्यंत डोंगर-घाट तुडवत पायी गेला, शंभराहून जास्त मैल. तिथे पोचल्यावर, वयाने लहान दिसतोस म्हणून त्याला परीक्षेला बसूच दिलं नाही. रात्री समुद्रावर चालताना काकांनी ती गोष्ट पुन्हा सांगितली. त्यांच्या वर्गात गुरुजींनी ती सांगितली होती तेव्हा कुणीतरी विचारलं होतं, "मग परत कसा आला?" गुरुजी म्हणाले, "पायीच."

त्याच माणसाने पुढे १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढलं. १९३६ मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, शाळा नसलेल्या खेड्यांत शाळा काढण्यासाठी मंडळ स्थापन केलं आणि त्यासाठी वर्गणी मागत फिरले. त्याच्या कितीतरी आधी गावासाठी 'मुरुड फंड' उभा केला होता. लहान वर्गण्यांवर अण्णांचा विश्वास होता. आमचे दहा-दहा रुपये मला त्या रात्री फार मोलाचे वाटले.

चौथा दिवस: मुरुड ते गुहागर

कर्दे, लाडघर, बुरोंडी. बुरोंडीनंतरची चढण अशी की बोलणं बंद होतं, नुसते श्वास ऐकू येतात. आठ जण उतरून ढकलत होते, त्यात मीही.

मग दाभोळचा उतार लागला. त्याचं वर्णन जरा सविस्तर करते, कारण या प्रवासाला तिथून वळण लागलं.

उतार लांब आहे, वळणं आंधळी आहेत, आणि वळणावर जांभ्याची बारीक खडी रस्त्यावर पसरलेली असते. मी दोन्ही ब्रेक धरून चालले होते. तिसऱ्या वळणाच्या आधी मागच्या ब्रेकचा दांडा हळूहळू मुठीकडे येतोय असं जाणवलं. अजून दाबला, तो मुठीला टेकला, आणि सायकल होती त्याच वेगात चालत राहिली. जळक्या रबराचा वास आला. मग चाकातून खर्रर्र असा लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज. पुढचा ब्रेक जोरात दाबला असता तर खडीवर पुढचं चाक घसरलं असतं. डाव्या हाताला दरड होती. मी हँडल तिकडे वळवलं आणि सायकलीसकट दरडीच्या कडेच्या मातीत गेले. कोपर आणि गुडघा सोलवटला. उजवीकडे दरी होती.

मागून काका आले. आधी माझं कोपर धुतलं, हळद लावली, मग सायकल उलटी करून सीटवर ठेवली. ब्रेकचा गुटका काढून माझ्या तळहातावर ठेवला. रबर पूर्ण झिजून आतली पत्र्याची पट्टी चकाकत होती. निघण्याआधी सायकल सर्व्हिसिंगला दिली होती. गुटके बदलायला सांगितले होते, ते बदललेले नव्हते, आणि आणल्यावर मीही वाकून पाहिलं नव्हतं. काकांनी पिशवीतून नवी जोडी काढली, बसवली, चाक फिरवून पाहिलं. मग पाना हातातच ठेवून म्हणाले,

"ताई, तुम्ही हा उतार एकदा उतरलात. त्या पोरी रोज उतरणार. त्यांच्या सायकलींचे गुटके कोण बघणार?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आमच्या हिशेबाच्या वहीत सायकलची किंमत होती, ट्रकचं भाडं होतं, फलकाचा खर्चसुद्धा होता. ब्रेकचे गुटके नव्हते. आम्ही मुलींना सड्यावरून खाली सोडणार होतो आणि थांबायचं कसं याचा विचार केला नव्हता. हे आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

दाभोळच्या धक्क्यावर जुन्या आदिलशाही मशिदीच्या सावलीत फेरीची वाट बघत बसलो, ती आमची सभाच झाली. आई सांगते, तिच्या लहानपणी वाशिष्ठीची ही खाडी तरीतून, म्हणजे होडीतून, ओलांडायची, वारा फिरला की होडी उभी. आता २००३ पासून गाड्या नेणारी फेरीबोट आहे. पलीकडे धोपाव्याला उतरेपर्यंत ठरलं होतं: फलक आणि हारतुरे रद्द. त्या पैशांत आणखी आमच्या पदरचे घालून प्रत्येक सायकलमागे गुटक्यांच्या दोन जास्तीच्या जोड्या आणि एक ब्रेकची तार, शिवाय शाळेसाठी पंक्चर काढायचं सामान आणि पान्यांचे दोन संच. प्रत्येक वाडीसाठी हवा भरायचा एक हातपंप. काकांनी बोटीवरूनच चिपळूणला ओळखीच्या दुकानात फोन लावला. टेम्पो तसाच चिपळूणला गेला आणि रात्री अकराला सामान घेऊन गुहागरला आला. व्याडेश्वराच्या देवळाजवळ आम्ही उतरलो होतो. सुरूच्या बनामागे समुद्र गाजत होता, पण त्या रात्री समुद्रावर कुणी गेलं नाही.

पाचवा दिवस, गुरुवार: शाळा

सायकली ट्रकमधून आल्या त्या अर्ध्या जुळलेल्या. हँडल आडवी वळवलेली, पॅडल वेगळी, दांड्यांना पुठ्ठे गुंडाळलेले. मुख्याध्यापकांनी दहाला कार्यक्रम ठेवला होता. पटांगणात खुर्च्या मांडलेल्या, फळ्यावर रंगीत खडूने स्वागत लिहिलेलं. काकांनी एक सायकल उचलून मागचं चाक फिरवलं. गुटका रिमला एका बाजूने घासत होता, दुसऱ्या बाजूने बोटभर लांब. दुसरी पाहिली, तेच. काका सरांना बाजूला घेऊन बोलले. सर दोन मिनिटं गप्प राहिले, मग माईकवर जाऊन म्हणाले, "भाषणं नंतर. आज आधी प्रात्यक्षिक."

त्या माणसाबद्दल माझ्या मनात फार आदर आहे. ठरलेला कार्यक्रम सगळ्यांसमोर असा फिरवायला मोठं मन लागतं.

चौतीस मुली, चौतीस सायकली, काका मध्ये. सायकल उलटी करा. चाक फिरवा. गुटका बघा: दोन्ही बाजूंना सारखी फट हवी, जाडसर पुठ्ठ्याएवढी. नट अर्धा फेरा सैल करा, तार पक्कडीत धरून ओढा, ताणलेली असतानाच नट आवळा. आता ब्रेक दाबा. दांडा आणि मूठ यांच्यात तुमची दोन बोटं राहिली पाहिजेत. राहत नसतील तर त्या सायकलवर त्या दिवशी बसायचं नाही, ढकलत आणायची. गुटक्यावरच्या खाचा दिसेनाशा झाल्या की गुटका गेला. पावसाळ्यात दर शनिवारी बघायचं, कारण रिमला लाल चिखल लागला की रबर कानसेने घासल्यासारखं झिजतं. उताराला दोन्ही ब्रेक, आधी मागचा, आणि कडेकडेने.

दीड वाजेपर्यंत हे चाललं. मुलींचे हात कोपरापर्यंत ग्रीसने काळे झाले. आठवीतली एक सडपातळ मुलगी, दोन वेण्या, लाल रिबिनी. तिच्या नटाचा फेरा बसेना. मी मदतीला हात पुढे केला तर म्हणाली, "मावशी, थांबा, मी करते." तिसऱ्या वेळी बसला. तिने ब्रेक दाबला, दोन बोटं घालून बघितली, माझ्याकडे बघितलं नाही, पुन्हा एकदा दोन बोटं घालून बघितली.

ती आईच्याच वाडीतली निघाली.

शाळा सुटल्यावर मी तिच्याबरोबर घरापर्यंत गेले. शाळेपासून दोन किलोमीटर चढण. आम्ही दोघी ढकलतच होतो. तिचं दप्तर कॅरियरला आवळलेलं, वर तिच्या आईने सांगितलेली दोन किलो साखर आणि तेलाची पिशवी. मी विचारलं, "एवढं ढकलायचं तर सायकलचा काय उपयोग गं?" ती म्हणाली, "दप्तर पाठीवर नाही ना, मावशी. रोज हे सगळं पाठीवर असतं." मग जरा थांबून म्हणाली, "आणि वर पोचल्यावर बघा."

वर पोचल्यावर सडा. तीन किलोमीटर सपाट कातळ, समोरून खारा वारा, पश्चिमेला खाली समुद्र चमकतोय. ती बसली आणि निघाली. माझी सायकल तिच्या सायकलीच्या कितीतरी पट किमतीची, गिअरची. तरी तिला गाठायला मला पाय मारावे लागले. रिबिनी सुटल्या होत्या, त्या तिने बांधल्या नाहीत.

तिचा दिवसाचा हिशेब तिने वाटेत सांगितला. पायी सव्वा तास, येऊन-जाऊन अडीच. एसटीचा पास मुलींना मोफत आहे, पण गाडी सकाळी सातला आणि परतीची साडेसहानंतर, शाळा साडेदहा ते पाच. थंडीत साडेसहाला काळोख होतो, सड्यावर एकही दिवा नाही, म्हणून घरचे एसटीची वाट बघू देत नाहीत. दहावीच्या जादा तासांना थांबता येत नाही म्हणून तिच्या बहिणीने गेल्या वर्षी शाळा सोडली. हे तिने अगदी साध्या आवाजात सांगितलं, रस्त्यावर नजर ठेवून.

सडा संपतो तिथे वाडीची पाखाडी सुरू होते. चिऱ्याच्या उंच-सखल पायऱ्या, शेवाळाने काळ्या पडलेल्या, फणसांच्या सावलीतून खाली जाणाऱ्या. सायकल पाखाडीने उतरत नाही. पाखाडीच्या तोंडाशी रस्त्याला लागून एक कौलारू घर आहे. तिथल्या आजींनी पडवीतली लाकडं एका बाजूला रचून जागा करून ठेवली होती. "पाच सायकली ऱ्हातील," म्हणाल्या. वाडीतल्या मुली पाचच होत्या. या वाडीचा पंप आम्ही तिथेच, पडवीच्या खुंटीला टांगला.

मी पाखाडी उतरून गेले. आईच्या माहेरच्या घराचं नुसतं जोतं उरलंय, मामाची मुलं मुंबईला. जोत्यावर रातांबीचं रोप उगवलंय. मी थोडा वेळ तिथे बसले. मग त्या मुलीच्या घरी कोरा चहा प्यायले, तिच्या बहिणीशी बोलले. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसता येतं, हे त्या घरात कुणाला नीट माहीत नव्हतं. सरांचा नंबर तिच्या फोनमध्ये घालून दिला. काळोख पडायच्या आत सड्यावरून परत निघाले, आणि त्या रात्री हेदवीला मुक्काम.

सहावा आणि सातवा दिवस

हे दोन दिवस डोळ्यांपेक्षा पायांना जास्त लक्षात आहेत. तवसाळहून फेरीने जयगड, मग मालगुंड, गणपतीपुळे, आणि आरे-वारेचा तो रस्ता, जिथे वळणावर दोन्ही बाजूंना समुद्रच दिसतो. रत्नागिरीत मुक्काम. दुसऱ्या दिवशी भाट्याचा पूल, पावस, गावखडी, कशेळी, नाटे, जैतापूर करत विजयदुर्ग, पंच्याऐंशी किलोमीटर. ऊन फार लागलं. आमच्यातल्या दोघांना दुपारी टेम्पोत बसावं लागलं आणि त्याचं त्यांना फार वाईट वाटत होतं. काका त्यांना म्हणाले, "तुमचे किलोमीटर आम्ही वाटून घेतले." संध्याकाळी पोचल्यावर त्यांनी खरंच मुक्कामाजवळच्या सपाट रस्त्यावर वीस किलोमीटर जास्तीचे काढले. सदुसष्टाव्या वर्षी.

शनिवारी रात्री विजयदुर्गला सरांचा निरोप आला. सकाळच्या शाळेला एकतीस सायकली आल्या होत्या. तीन पंक्चर होत्या. शाळा सुटल्यावर मुलींनीच त्या काढल्या, एकीला दोनदा काढावी लागली. मी तो निरोप सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवला. काकांनी तो पुन्हा वाचायला लावला.

आठवा दिवस, रविवार: विजयदुर्ग ते मालवण

देवगडच्या हापूसच्या बागांत फवारणीचे पंप सकाळपासून घरघरत होते. कुणकेश्वराला घाटावर बसून पाय पाण्यात सोडले. आचऱ्यानंतर रस्ता मऊ झाला, माड वाढले, बोलीही बदलली. "खंय चल्लात?" असं एका बाईंनी विचारलं आणि आम्हाला कळलं की आलो. साडेचारला मालवणच्या धक्क्यावर सायकली लावल्या. समोर सिंधुदुर्ग, एकोणीस वर्षांचा मुलगा कपडे न बदलता पाण्यात. माझ्या मीटरवर ५३८ किलोमीटर.

रात्री आईला फोन केला. शाळेचं सगळं तिला आधीच्या फोनमध्ये सांगून झालं होतं, तरी तिला पुन्हा ऐकायचं होतं. पंक्चरचं सांगितलं. तिने विचारलं, "पण घरी पंक्चर झाली तर हवा कुठे भरणार? पंप कुठे ठेवलाय?"

"पाखाडीच्या तोंडाशी, त्या कौलारू घराच्या पडवीत. सायकली पण तिथेच असतात."

पलीकडे जरा वेळ काही ऐकू आलं नाही. मला वाटलं फोन कट झाला.

"त्याच पडवीत मी उभी राहायचे," आई म्हणाली. "पावसात. दादा शाळेतून यायचा, त्याच्यासाठी इरलं घेऊन."